पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी होतं तर डोपामिनचीच गोळी का देत नाहीत?

नेहा_सातारा
बाबांना (वय ७१) पार्किन्सन आहे असं निदान झालंय. उजवा हात थरथरतो, पाय घासत चालतात, शर्टाची बटणं लावायला खूप वेळ लागतो. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा अशी दोन नावं असलेली गोळी सुरू केलीये आणि मेंदूत डोपामिन कमी पडतंय एवढंच कळलं, बाहेर पेशंटची रांग होती त्यामुळे पुढचं विचारायचं राहिलंच. मला शाळेतलं मोठा मेंदू, लहान मेंदू आणि तोल लहान मेंदू सांभाळतो एवढंच आठवतंय. मग बिघाड लहान मेंदूत आहे का? आणि लोह कमी असलं की लोहाची गोळी देतात तसं सरळ डोपामिनच का नाही देत? अजून एक, मेंदूत करंट वाहतो म्हणतात ना, मग हे केमिकल मधेच कुठून आलं? सोप्या भाषेत कुणी सांगेल का प्लीज.

शरीरक्रिया_मास्तर
ताई, लहान मेंदू नाही. तो डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असतो, आणि तो बिघडला की माणूस पाय फाकवून झोकांड्या खात चालतो आणि हात थरथरतो तो वस्तू घ्यायला गेल्यावर. पार्किन्सनचं उलटं असतं, हात मांडीवर निवांत ठेवलाय तेव्हा थरथर जास्त आणि कप उचलायला गेलं की बऱ्याचदा कमी. बाबांकडे जरा लक्ष देऊन बघा, दिसेल.

बिघाड आहे तो मेंदूच्या खोडाच्या वरच्या टोकाला, मिडब्रेनमध्ये. तिथे सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा पट्टा असतो, मेंदू कापला तर नुसत्या डोळ्यांनी काळसर दिसतो, आणि पार्किन्सनच्या पेशंटमध्ये तो फिकट पडलेला असतो कारण तिथल्या पेशी मेलेल्या असतात. या पेशींचे लांब तंतू वर मोठ्या मेंदूच्या पोटात स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत जातात आणि तिथे डोपामिन सोडतात. हालचाल सुरू करायची, तिचा वेग ठेवायचा, नको ती दाबायची, ही कामं त्या सर्किटची. म्हणून बाबांच्या हातात ताकद असूनही बटण लागत नाही.

आता करंट की केमिकल, तर दोन्ही. चेतापेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने निगेटिव्ह असते, सिग्नल आला की सोडियम आयन आत घुसतात आणि एखाद्या मिलिसेकंदापुरतं चित्र उलटं होतं, आणि हा बदल तंतूवरून पुढे पुढे सरकत जातो. तारेतल्या करंटसारखे इलेक्ट्रॉन वगैरे धावत नाहीत. जाड, मायलिनचं वेष्टण असलेल्या तंतूत वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, बारीक बिनवेष्टणाच्या तंतूत जेमतेम एक मीटर. पण तंतूच्या टोकाला फट येते, सिनॅप्स म्हणतात ती, २० ते ४० नॅनोमीटरची, आणि हा व्होल्टेजचा बदल ती ओलांडत नाही. टोकाशी कॅल्शियम आत येतं, तिथल्या बारीक पिशव्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात, आतलं केमिकल फटीत पडतं आणि पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेवर, बसतं. काम झालं की बरंचसं डोपामिन पहिली पेशी परत आत ओढून घेते. थेट विजेने जोडलेले सिनॅप्सही असतात, पण माणसाच्या मेंदूत हे केमिकलवालेच जास्त.

बेडूक_आणि_विज्ञान
हे केमिकल प्रकरण आधी बेडकाच्या हृदयावर सिद्ध झालं. १९२१ मध्ये ओट्टो लोवीने एका हृदयाची व्हेगस नर्व्ह उत्तेजित केली, ठोके मंदावले, मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही मंदावलं. नर्व्ह पहिल्याचीच चेतवलेली, म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं असणार. ते अॅसिटिलकोलिन निघालं, १९३६ चं नोबेल त्याला आणि हेन्री डेलला मिळालं.

डोपामिनच्या गोष्टीत तर आपली सर्पगंधा आहे! तिच्या मुळातून रेसर्पिन निघतं, पूर्वी ब्लडप्रेशरला सर्रास द्यायचे. ते वर मास्तरांनी सांगितलेल्या पिशव्या रिकाम्या करून टाकतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसनने सशांना रेसर्पिन दिलं तर ते जागच्या जागी थिजले, आणि मग एल-डोपा (म्हणजे बाबांच्या गोळीतलं लेव्होडोपाच) टोचलं तर थोड्याच वेळात हलायला लागले. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकीविचने मृत पेशंटच्या मेंदूत मोजून दाखवलं की स्ट्रायटममध्ये डोपामिन फार कमी आहे. कार्लसनला नोबेल मिळायला मात्र २००० साल उजाडलं.

गोळ्यांचा_हिशोब
मी फार्मसीवाला, त्यामुळे गोळीचं मी सांगतो. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल, त्याला आत नेणारे वाहक तिथे असतात, आत गेलं की त्याचं डोपामिन होतं. भानगड अशी की ते बनवणारं एन्झाइम शरीरात बाहेरही आहे, म्हणून नुसतं लेव्होडोपा दिलं तर बहुतेक बाहेरच डोपामिन होऊन बसतं आणि मळमळ, उलट्या. कार्बिडोपा ते बाहेरचं एन्झाइम अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही. म्हणून दोन नावं.

नेहा_सातारा
वा, आता कळलं! सगळ्यांना थँक्यू. दुधाबरोबर दिली तर चालेल का? आणि नात्यातले एकजण खाजकुयलीचं चूर्ण सुचवतायत.

गोळ्यांचा_हिशोब
पाण्याबरोबर द्या. दुधातल्या, डाळीतल्या प्रोटीनची अमिनो आम्लं त्याच वाहकांवर गर्दी करतात, त्यामुळे शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि मळमळलं तर एखादं साधं बिस्किट चालतं. खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, पण म्हणूनच गोळीच्या वर परस्पर घेऊ नका, डोस किती झाला कुणालाच कळणार नाही आणि भास होणं, बीपी पडणं, अंग वेडंवाकडं हलणं असं होऊ शकतं. न्यूरोलॉजिस्टना विचारा. आणि गोळी एकदम बंद तर अजिबात करू नका, संपायच्या आधी आणून ठेवा.

शरीरक्रिया_मास्तर
+१. एक अपेक्षा आधीच सांगून ठेवतो, गोळीने गेलेल्या पेशी परत येत नाहीत. ताठरपणा आणि मंदपणा बऱ्यापैकी सुधारतो, थरथर काहींची कमी होते आणि काहींची हट्टी असते, त्यामुळे हात अजून हलतोय म्हणजे औषध लागू पडत नाही असं लगेच धरू नका, बटणं लावायला किती वेळ लागतो ते बघा.