शाळेच्या माहितीपत्रकात स्वतःबद्दल काय लिहू?

नवी_बाई_धारूर
नमस्कार. पवित्र पोर्टलमधून (शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल) निवड झाली, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, माझ्याकडं पहिली-दुसरी. शाळेचं माहितीपत्रक निघतंय. त्यात प्रत्येकानं 'शैक्षणिक पार्श्वभूमी आणि अध्यापनाबद्दलची भूमिका' अर्ध्या पानात द्यायचीय. पार्श्वभूमी डी.एल.एड., बी.ए., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), दोन ओळींत संपली. भूमिकेत 'विद्यार्थी हा मातीचा गोळा असून' असं लिहिलंय अन् मलाच वाचवत नाही. नमुना असेल तर टाका.

कोरडवाहू
नमुना मागू नका. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तिघांची भूमिका शब्दाशब्दानं एकच निघाली. केंद्रप्रमुखांनी परिषदेत तिन्ही मोठ्यानं वाचून दाखवल्या.

बालाघाटची_बाई
मातीचा गोळा आधी खोडा.

मी २००४ ला शिक्षणसेवक म्हणून लागले, मानधन ३,००० रुपये. तुम्हाला आता १६,००० आहे, गाडीभाडं तरी सुटत असेल! अंबाजोगाईच्या डाएटमधून (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) डी.एड., पुढं मुक्त विद्यापीठातून बी.ए. पण मी हे खाली लिहिते. वर लिहिते की सुरुवातीची वर्षं तांड्यावरच्या शाळेत गेली. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं लेकरू पहिलीत आलं की आपलं साधं 'इकडं ये' त्याला परकं असतं, म्हणून आधी मीच त्यांची बोली शिकत बसले. पालकाला यातून बाई कशी आहे ते कळतं.

भूमिका म्हणाल तर माझं म्हणणं एकच: लेकरू जिथं आहे तिथून पुढं. दिवाळी झाली की आमच्या निम्म्या वर्गाचे आईबाप ऊसतोडीला कारखान्याला जातात, पाडव्याच्या आगेमागे परततात. काही लेकरं आजीपाशी राहून हंगामी वसतिगृहात जेवतात, बाकीची आईबापासंगं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. शिक्षण हक्क कायद्यानं लेकराला वयाप्रमाणं वर्गात बसवायचं, ते बरोबरच आहे. पण तिसरीत बसवलं म्हणून तिसरीचं पुस्तक पुढ्यात ठेवलं, तर पोरगी तोंड उघडत नाही.

हातच्याची वजाबाकी घ्या. ४२ वजा १७. फळ्यावर कितीही समजावा, निम्मी पोरं सातातून दोन काढतात, चारातून एक काढतात अन् ३५ लिहून मोकळी. मी ज्वारीच्या चिपाडाचे बोटाएवढे तुकडे देते. दहाची एक मोळी, सुतळीनं बांधायची. उसाच्या फडावरून आलेल्या लेकराला मोळी काय ते सांगावं लागत नाही. चार मोळ्या, दोन सुटे. सतरा दे म्हणलं की ते एक मोळी सरकवतं, मग सुट्यांकडं बघतं. दोनच. जरा थांबतं, अन् कुणी न सांगता दुसऱ्या मोळीची गाठ सोडतं. बारा सुटे झाले, सात दिले, पाच उरले, दोन मोळ्या शिल्लक. २५. हे झालं की मग वही. (गाठ कच्ची बांधायला लावा, नाहीतर तास ती सोडण्यातच जातो.)

तुमच्या वर्गातलं असं एक उदाहरण लिहा. 'निपुण', 'ज्ञानरचनावाद' असले प्रशिक्षणातले शब्द पाठाच्या टाचणात राहू द्या.

फडावरचा
पालक म्हणून बोलतो, मी स्वतः कोपीवर वाढलोय. बाईंच्या पदव्या आम्ही वाचतो, पण त्याआधी एकच बघतो. लेकरू मधीच उसाला नेलं तर परत आल्यावर बाई नीट बोलतात का सगळ्यांपुढं 'आलास का रे' म्हणून हिणवतात. ते लिहा.

नवी_बाई_धारूर
गोळा खोडला. मी परिपाठानंतर 'काल घरी काय झालं' विचारते अन् पोरांचंच एक वाक्य फळ्यावर लिहून वाचायला लावते. 'आमची म्हैस व्याली' हे वाक्य पुस्तक न वाचणाऱ्यांनीही वाचलं. पुढं दोन दिवस वर्गात म्हशीशिवाय विषय नव्हता. हे चालेल का?

बालाघाटची_बाई
चालेल काय, हेच द्या. म्हैस काढू नका. आणि ही वाक्यं एका वहीत उतरवत जा. दिवाळीनंतर जो कारखान्याला निघेल त्याच्या पिशवीत ती वही द्यायची. दिलीत तर तेही छापा, फडावरच्या भाऊंना तेच वाचायचंय.