एचएमएफपासून एफडीसीए, प्लॅटिनम-रुथेनियम न वापरता जमेल का?

मातीचा_वास: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फ्रुक्टोजपासून निघणाऱ्या एचएमएफचं (हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल) ऑक्सिडेशन करून एफडीसीए (फ्युरान डायकार्बोक्झिलिक ॲसिड) बनवायचंय, म्हणजे पीईटीमधल्या टेरेफ्थॅलिक ॲसिडच्या जागी वापरून ज्याचं पीईएफ प्लॅस्टिक होतं ते. रिसर्च पेपरात जिकडेतिकडे प्लॅटिनम, रुथेनियम, सोनं यांचेच कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक), आणि आमच्या डिपार्टमेंटला ते परवडत नाही. मँगनीज डायऑक्साइडवर होईल का? बेस घालावाच लागतो का?

बीकरवाला: होतं की! टोकियो टेकच्या कामाता-हारा ग्रुपने २०१७ मध्ये साधं ॲक्टिव्हेटेड मँगनीज डायऑक्साइड, १०० डिग्री, ऑक्सिजनचं प्रेशर आणि सोडियम बायकार्बोनेट घेऊन नव्वद टक्क्यांच्या आसपास यील्ड दाखवलंय. बायकार्बोनेट सोडू नको, एफडीसीए पाण्यात जेमतेम विरघळतं, त्याचं सोडियम सॉल्ट झालं की विरघळून राहतं आणि कॅटॅलिस्टवर चिकटून बसत नाही. कॉस्टिक सोडा मात्र नको, जास्त बेसमध्ये एचएमएफ टिकत नाही, सोल्युशन काळपट होत जातं. आणि शेवटची पायरी, एफएफसीए (अर्धवट ऑक्सिडाइझ झालेलं मधलं ॲसिड) ते एफडीसीए, सगळ्यात स्लो असते, एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) एचएमएफचा पीक गेला म्हणून रिॲक्शन थांबवू नकोस. शेवटी गाळून घेऊन एचसीएल सावकाश घाल, कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो, मग पांढरं एफडीसीए खाली बसतं.

शंकेखोर: एक कंट्रोल रन नक्की करा, तेच सगळं पण नायट्रोजनखाली. मँगनीज डायऑक्साइड स्वतःच ऑक्सिडायझर आहे, जास्त घातलं तर ऑक्सिजन नसतानाही काही प्रॉडक्ट दिसेल आणि मग त्याला कॅटॅलिस्ट कसं म्हणणार? परीक्षक हेच विचारतील. गाळलेल्या पाण्यात मँगनीज किती उतरलं तेही तपासा.

मातीचा_वास: नायट्रोजनचं डोक्यात आलंच नव्हतं, थँक्यू दादा. उसाच्या चिपाडापासून सुरुवात करता येईल का?

बीकरवाला: चिपाडातल्या झायलानपासून (पाच कार्बनच्या साखरेची साखळी) सरळ फरफ्युरल मिळतं, एचएमएफ नाही, एचएमएफसाठी सेल्युलोज फोडावं लागतं आणि ते अवघड. पण फरफ्युरलपासून फ्युरोइक ॲसिड, मग कार्बन डायऑक्साइड जोडून एफडीसीए, असा रस्ता स्टॅनफर्डच्या कानन ग्रुपने २०१६ मध्ये दाखवला, सीझियम कार्बोनेट आणि २०० डिग्रीच्या आसपास, जोडणीच्या त्या पायरीत प्लॅटिनमसारखं महाग मेटल लागत नाही. तेच पोटॅशियम कार्बोनेटवर नीट बसवता आलं तर मला फार आनंद होईल. फक्त चिपाड फुकट धरू नकोस, आपल्याकडचे कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज काढतात.