क्वाला क्राई (केलांतान, मलेशिया): जिल्हा एक, पण प्रत्येक कागदात हद्द वेगळी. नकाशा कसा जुळवायचा?

नदीखोरे (प्रश्न)

केलांतान राज्यातल्या क्वाला क्राई जिल्ह्याचा डिसेंबर २०१४ च्या पुराचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करतोय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

जनगणनेच्या तक्त्यात जिल्ह्याखाली तीनच मुकिम (जिल्ह्याखालचे महसुली विभाग) दिसतात: बातू मेंगकेबांग, ओलाक जेराम आणि दाबोंग. जमिनीच्या कागदांत मात्र मुकिमांची नावं वेगळी आहेत आणि संख्येनं कितीतरी जास्त. दुसरं, एकाच जिल्ह्यात दोन स्थानिक परिषदा का? आणि तिसरं, पुराच्या वेळी हुकूम कोणाचा चालतो, आणि त्या काळातली पाण्याची पातळी नकाशावर कशी बसवायची? क्राई गावात (क्वाला क्राई) ३४.१७ मीटर नोंदली गेली होती. ती सरळ उंचीच्या मॉडेलवर लावली तर जवळपास निम्मा जिल्हा कोरडा राहतो, आणि त्यात मानेक उराईसुद्धा, जिथं घरं वाहून गेली.

मुकिमवाला

पहिल्याचं सांगतो, कारण तिथंच सगळे फसतात. द्वीपकल्पातल्या बाकी राज्यांत उतरंड साधी आहे: राज्य, दाएरा म्हणजे जिल्हा, मुकिम, मग गाव. केलांतानात जिल्ह्याला जाजाहान म्हणतात आणि दाएरा ही त्याच्या खालची पायरी. म्हणून इथं राज्य, जाजाहान, दाएरा, मुकिम, गाव अशी एक पायरी जास्त आहे. दाएरावर पेंगावा असतो, मुकिमावर पेंगहुलू आणि गावात केतुआ काम्पुंग.

सांख्यिकी विभागाला सगळ्या देशासाठी एकच साचा लागतो, त्यामुळे त्यांनी केलांतानचे दाएरा मुकिमाच्या रकान्यात बसवले. तुम्हाला दिसणारी तीन नावं त्या पेंगावांच्या हद्दी आहेत. जमिनीच्या दस्तात मात्र 'अमुक मुकिम, अमुक दाएरा, जाजाहान क्वाला क्राई' असा पूर्ण पत्ता येतो. दोन्ही तक्ते मुकिम या रकान्यावर जोडलेत तर जोडणी रिकामी तरी येईल, नाहीतर चुकीची. दाएरासाठी स्वतंत्र रकाना करा, प्रत्येक मुकिमापुढे त्याचा दाएरा भरा आणि मगच लोकसंख्येचा तक्ता जोडा.

आणखी एक गोष्ट. १९७० च्या दशकापर्यंत हा सगळा मुलूख उलू केलांतान या एकाच जाजाहानात होता. पुढं दक्षिणेकडचा भाग गुआ मुसांग म्हणून वेगळा निघाला, आणि आज तो राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे. क्वाला क्राई त्या मानानं लहान, सुमारे २,३०० चौ. किमी. जुन्या नकाशात 'उलू केलांतान' दिसलं की ते क्वाला क्राईच आहे असं धरू नका.

जमीन हा राज्याचा विषय आहे. १९६५ च्या राष्ट्रीय भूमी संहितेप्रमाणे जिल्ह्याचा प्रमुख हाच भूमी प्रशासकही असतो, म्हणून कार्यालयाचं नावच 'जमीन आणि जाजाहान कार्यालय' असं आहे. मुकिमातली ४ हेक्टरपर्यंतची ग्रामीण जमीन असेल तर तिचं नोंदणीपत्रक या जिल्हा कार्यालयात मिळतं. त्याहून मोठा तुकडा, किंवा शहर-गावठाणातली जागा असेल तर ते कोटा बारूच्या राज्य कार्यालयात. पेंगहुलूला तलाठी समजून त्याच्याकडे उतारा मागायला जाऊ नका. तो जागेची पाहणी करतो, शिफारस करतो, पण अभिलेख त्याच्याकडे नसतो. मालकीचा पुरावा म्हणजे नोंदवहीतली नोंद. आपल्या सातबाऱ्यापेक्षा तिचं कायदेशीर वजन खूपच जास्त आहे. त्याच संहितेच्या कलम ३८४ खाली नोंदवहीचा साधा शोध घेता येतो आणि ३८५ खाली प्रमाणित शोध मिळतो. हद्दीबद्दल वाद असेल तर प्रमाणितच घ्यावा.

पूररेषा

पातळीचा घोळ आधी सोडवू. ३४.१७ मीटर ही पाण्याची खोली नाही आणि जिल्हाभर एकसारखी धरायची उंचीही नाही. क्राई गावात नदीकाठी पायऱ्यांचा घाट आहे, तांगा क्राई. तिथली ही नोंद संदर्भपातळीपासून (ठरवलेल्या शून्य उंचीपासून) मोजलेली आहे. तिथली धोक्याची पातळी २५ मीटर, म्हणजे पाणी धोक्याच्या ९.१७ मीटर वर गेलं होतं. खाली कोटा बारूला तांबातान दिराजा या पातळीमापन केंद्रावर धोक्याची पातळी अवघी ५ मीटर आहे. यावरून नदीचा उतार लक्षात येईल.

आता मानेक उराई कोरडं का दिसतंय ते पाहा. दक्षिणेकडून लेबिर आणि गालास या दोन नद्या येतात, क्राई गावाच्या जरा वर मिळतात आणि तिथून पुढं केलांतान नदी सुरू होते. मानेक उराई लेबिरवर आहे, दाबोंग गालासवर. दोन्ही गावं संगमाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे तिथलं पाणी क्राईपेक्षा उंचावर असणारच. संगमावर एक नदी फुगली की दुसरीचं पाणी तुंबतं, तेव्हा वरच्या गावांत ते आणखी चढतं. सपाट ३४.१७ लावलंत तर खालच्या बाजूला पाणी जास्त दिसेल आणि वरच्या बाजूला दिसणारच नाही. तुमच्या नकाशात तेच झालंय.

करायचं असं:

लेबिर, गालास आणि मुख्य नदी यांच्या मध्यरेषा वेगवेगळ्या काढा. प्रत्येक केंद्राची त्या दिवसाची कमाल पातळी त्या-त्या नदीवर बसवा. केंद्रांच्या मधली पातळी नदीच्या लांबीप्रमाणे काढा, सरळ रेषेतल्या अंतरानं नव्हे, कारण वळणं फार आहेत. मग नदीला आडवे छेद काढून पाण्याचा उतरता पृष्ठभाग तयार करा आणि त्यातून जमिनीची उंची वजा करा.

जमिनीची उंची हे दुसरं दुखणं. एसआरटीएम हे अंतराळातल्या रडारनं मोजलेलं उंचीचं मॉडेल रबर, पामतेल आणि जंगलावर झाडांच्या शेंड्याजवळची उंची देतं, त्यामुळे काठचे मळे खोटेच कोरडे राहतात. झाडं-इमारती वजा केलेलं फॅबडेम वापरा. दोन्हींची शून्य उंची मलेशियाच्या शून्य उंचीशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा तांगा क्राईजवळचा एखादा सर्वेक्षणाचा उंचीबिंदू घेऊन फरक तपासा. तपासलंच नाही तर सपाट काठावर रेषा शेकडो मीटर सरकते.

दाबोंग_लाइन

दोन परिषदांचं कारण नकाशातच आहे. क्राई गाव राष्ट्रीय रस्ता क्र. ८ वर, कोटा बारूकडे तोंड करून. दाबोंग गालासच्या खोऱ्यात, डोंगर-जंगलात, आणि त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी जुनी दोरी म्हणजे गेमास ते तुम्पात हा १९३१ मध्ये पूर्ण झालेला रेल्वेमार्ग. पूर्वी क्वाला क्राई उत्तर आणि दक्षिण अशा दोन परिषदा होत्या. दक्षिणेकडची ती आज दाबोंग जिल्हा परिषद. केलांतानात जाजाहान १० आणि स्थानिक परिषदा १२ आहेत. दुसरी जोडी कोटा बारू जाजाहानात आहे, कोटा बारू आणि केतेरेह.

रेल्वे तुटली की दाबोंगचं काय होतं हे २०१४ मध्ये दिसलंच. कमुबूचा गालासवरचा रेल्वेपूल वाहून गेला आणि त्या टप्प्यातली गाडी २०१६ मध्येच सुरू झाली. तुमच्या नकाशात हा पूल जरूर दाखवा. पाणी कुठवर चढलं याच्याइतकंच कोणाची वाट बंद झाली हेही दिसलं पाहिजे.

'परिषद' म्हटलं की आपल्याकडची निवडून आलेली जिल्हा परिषद डोळ्यांसमोर येते. इथं तसं नाही. स्थानिक निवडणुका १९६५ मध्ये थांबल्या आणि १९७६ च्या कायद्यानं कायमच्या गेल्या. अध्यक्ष आणि ८ ते २४ सदस्य राज्य सरकार नेमतं. बाजार, कचरा, बांधकाम परवाना, घरांवरचा कर ही त्यांची कामं. हा कर वर्षातून दोन हप्त्यांत परिषदेकडे भरतात, जमिनीचा सारा मात्र राज्याचा असतो आणि तो ३१ मे पर्यंत जमीन कार्यालयात. परिषदेची हद्द जाजाहान किंवा दाएराच्या हद्दीवरूनच जाते असं समजू नका, राजपत्रातली हद्द काढा.

मुकिमवाला

पुरातल्या हुकमाबद्दल: जिल्हा पातळीच्या आपत्ती समितीचा अध्यक्ष जिल्हाप्रमुख असतो आणि नागरी संरक्षण दल सचिवालय सांभाळतं. मदत छावण्यांची नोंद समाजकल्याण विभागाकडे, पाण्याच्या पातळ्या पाटबंधारे विभागाकडे. यातलं समाजकल्याण, शिवाय पोलीस, शाळा, आरोग्य ही खाती केंद्र सरकारची. पण केलांतानात जिल्हाप्रमुख राज्याच्या स्वतःच्या सेवेतला असतो, पेराक किंवा पाहांगसारखा केंद्रीय सेवेतला नव्हे. राज्यात आणि केंद्रात वेगवेगळे पक्ष असले की ही फट गावापर्यंत पोचते: एकाच गावात राज्याची समिती वेगळी आणि केंद्राची वेगळी, अशीही वर्षं गेली आहेत. म्हणून गावपातळीची यादी मिळाली तर ती कोणत्या समितीची हे आधी विचारा.

नदीखोरे

मनापासून आभार. आता एकच: दाबोंग दाएराची लोकसंख्या पूरक्षेत्राच्या टक्केवारीनं वाटली तर चालेल?

पूररेषा

नाही. दाएराचा मोठा भाग जंगल आणि डोंगर आहे, माणसं नदी, रूळ आणि रस्त्याच्या कडेला राहतात. क्षेत्रफळानं वाटलीत तर बाधितांचा आकडा खूप कमी येईल, कारण पाणी नेमकं त्या वस्तीच्या पट्ट्यातच शिरतं. आधी गावांचे बिंदू किंवा इमारतींचे ठसे (नकाशावरच्या बाह्यरेषा) घ्या, लोकसंख्या त्यांच्यावर वाटा आणि मग पूरक्षेत्राशी छेद करा. छावण्यांच्या आकड्यांशी ताडून पाहा, पण नातेवाइकांकडे गेलेले लोक त्यात येत नाहीत हे धरून.

दाबोंग_लाइन

कार्यालयात फोन करणार असाल तर एक: केलांतानात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. पत्र मलयमध्ये लिहा, त्यात मुकिम, दाएरा, जाजाहान तिन्ही घाला आणि राजपत्रातली हद्द मागताना परिषदेचं आजचं आणि जुनं, अशी दोन्ही नावं द्या. जुन्या अधिसूचना जुन्या नावानंच लावलेल्या असतात.