मदत हवी आहे : पीक पाहणी आणि घरच्या वापरासाठी फोन कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरची पऱ्हाटी आणि तुरीचे वावर सांभाळून ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकांच्या मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी नोंदणीत, सहायक म्हणूनही काम करतो. त्यासाठी प्रत्येक गटात प्रत्यक्ष उभे राहून फोनवर उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते, त्यामुळे जीपीएस अचूक असणे ही माझी पहिली गरज आहे.

बजेट पंधरा हजारांचे असून दोन फोनांपाशी अडलो आहे. एकात ६००० एमएएच बॅटरी आणि आयपी६४ संरक्षण आहे, पण पडदा साध्या एलसीडीचा आहे. दुसऱ्यात ५००० एमएएच बॅटरी आणि अधिक उजळ अमोलेड पडदा आहे, मात्र धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण आयपी५४ इतकेच आहे. आयपी६४ मधील ६ म्हणजे धूळ आत अजिबात शिरत नाही आणि ४ म्हणजे शिंतोडे चालतात, एवढे मी समजून घेतले. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचे मला अप्रूप नाही. कपाशीच्या पात्यांचे, म्हणजे कळ्यांचे, फोटो काढून मला ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत. भारनियमनामुळे मोठी बॅटरी मोलाची वाटते, पण भर दुपारच्या उन्हात पडद्यावरचा गट क्रमांकच वाचता आला नाही, तर त्या बॅटरीचा उपयोग काय?

शिवारात बीएसएनएलचीच रेंज मिळते. तिची ४जी सेवा ज्या लहरपट्ट्यांवर (बँडवर) चालते, त्यांत ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आहे, म्हणून तो फोनमध्ये असलेला बरा. तो आहे की नाही, हे दुकानदाराला सांगता आले नाही.

मे महिन्याच्या उन्हात असे फोन वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे : एलसीडी पडदा वावरात वाचता येतो का, आणि फोन तापल्यावर त्याची उजळता आपोआप कमी होते का?