हंगामाच्या सुरुवातीचा डोंगरातला ट्रेक: गटाची तयारी कशी करावी?

प्रश्न
आमचा आठ जणांचा गट हंगामाच्या अगदी सुरुवातीला, वरच्या खिंडीत बर्फ शिल्लक असतानाच, चार दिवसांच्या ट्रेकला निघणार आहे. तंबू, शिधा व इतर सामान आम्हीच वाहणार आहोत. उन्हाळी ट्रेक सर्वांनी केले आहेत, मात्र बर्फावर चालण्याचा अनुभव दोघांनाच आहे. साहित्याची यादी तयार आहे. त्याखेरीज कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
यादीपेक्षा आधी वेळापत्रक तपासावे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे वजन पेलतो, पण ऊन चढले की तोच भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुतू लागतो आणि तासाभराच्या वाटेला अर्धा दिवस जातो. बर्फ वितळून ओढ्यांना येणारे पाणीही दुपारनंतर वाढते, म्हणून मोठा ओढा वाटेत असल्यास अलीकडेच मुक्काम करून तो पहाटे ओलांडावा. त्या वेळी सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे पाय घसरल्यास सॅक झटकन टाकता येते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. अशा उतारांखालून भर दुपारी जावे लागत असेल, तर तो मार्गच बदलावा.

प्रतिसाद २
वरील मुद्दे योग्यच आहेत, परंतु एवढ्या मोठ्या गटाला बर्फाइतकाच चालण्याच्या वेगातला फरक अडचणीत आणतो: पुढचे थांबून थांबून गारठतात आणि मागच्यांना विसावाच मिळत नाही, कारण ते पोहोचताच पुढचे उठतात. निघण्यापूर्वी पूर्ण भरलेल्या सॅकसह एक रात्र बाहेर काढावी. कोणाचा बूट चावतो आणि कोणाची मॅट पातळ आहे, हे तिथेच कळते; बर्फावर पातळ मॅट असेल, तर उत्तम स्लीपिंग बॅगेतही थंडी खालून शिरते. आइस अ‍ॅक्स म्हणजे बर्फात रोवायची लहान कुदळ; ती नुसती सोबत असून भागत नाही. घसरताना तिने स्वतःला थांबवण्याचा सराव, पायथ्याशी खडक नसलेल्या सौम्य उतारावर, जाणकाराच्या देखरेखीखाली सर्वांनी करावा. एखाद्याला जॅकेटची चेन लावता येईना किंवा त्याचे बोलणे अडखळू लागले, तर ती शरीर फार गारठल्याची खूण समजावी आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणत असला तरी तिथेच थांबून त्याचे ओले कपडे बदलावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सरावाचा मुक्काम नक्की करू. गॅसची शेगडी या थंडीत चालेल का?

प्रतिसाद ३
डब्यात कोणता गॅस आहे, यावर ते अवलंबून आहे. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे थांबवतो. आयसोब्युटेन व प्रोपेनचे मिश्रण घ्यावे आणि डबा रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवावा. पिण्यासाठी बर्फ वितळवावा लागणार असेल, तर इंधन नेहमीपेक्षा बरेच जास्त लागते, तेव्हा त्याचा हिशेब आधीच्या ट्रेकवरून करू नये.