शब्दचर्चा : श्रानच्या तोंडचा ‘पिंकस्किन’ मराठीत कसा आणावा?

टिळकवाडी : ‘स्टार ट्रेक : एंटरप्राइज’ (2001–2005) या अंतराळमालिकेत निळ्या कातडीचे परग्रहवासी आहेत, अँडोरियन. त्यांचा सेनाधिकारी श्रान माणसांना हिणवून ‘पिंकस्किन’ म्हणतो. पोरांच्या नाटकासाठी एक प्रवेश मराठीत उतरवतोय. ‘गुलाबी कातडीवाल्या’ लिहिलं की शिवी राहतच नाही, साबणाची जाहिरात होते.

शहापूर : होणारच की. फारसी गुलाबावरून आलेला शब्द, त्यात गुलाबी थंडी, गुलाबी गाल. आमच्या साड्यांच्या धंद्यात तर नुसत्या गुलाबीनं भागत नाही. राणी, गुलबक्षी, अबोली, डाळिंबी असं नेमकं सांगावं लागतं. राणी सोडली तर सगळी झाडावरची नावं! अँडोरियनांच्या बर्फाळ चंद्रावर गुलाब कुठला फुलणार? ‘लालतोंड्या’ घाला.

खानापूर : लालतोंड्या म्हटलं की इंग्रजच डोळ्यापुढं येतो, श्रान मागं पडतो. ‘तांबड्या’ही नको, आमच्याकडं गोठ्यातला बैल मान वर करील.

बैलहोंगल : गुलाबी शब्द लाडिक वाटतो तो शहरात. कापूसवाल्याला विचारा. ‘शेतात गुलाबी आली’ एवढं ऐकलं तरी पोटात गोळा येतो. बोंडअळी हो! बोंडात शिरून सरकी खाते, बाहेरून पत्ता लागत नाही.

निपाणी : त्याच विश्वातले दुसरे परग्रहवासी क्लिंगॉन, त्यांची भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँडचा कोश 1985 चा. तिथं रंग ही क्रियापदं आहेत, मूळची चारच : एक काळ्याचं, एक पांढऱ्याचं, ‘दोक’ लाल-नारिंगीचं आणि ‘सुद’ हिरवा, निळा, पिवळा तिन्हींचं. गुलाबी त्यांत स्वतंत्र नाही. कन्नडातही ‘नसुगेंपू’ म्हणजे किंचित तांबडाच. दुकानात मात्र कन्नड बोलणारी बाईही गुलाबीच मागते, हे वेगळं.

टिळकवाडी : माहिती झकास, पण ‘ए किंचित तांबड्या’ म्हणून कोण भांडायला उठणार? आणि आणखी एक गोम आहे. पुढं श्रान आणि माणसांच्या अंतराळजहाजाचा कॅप्टन आर्चर यांची दोस्ती जमते, तरी शब्द तोच राहतो. फक्त त्यातलं विष उतरतं. म्हणजे दोन्हीकडं चालेल असा पाहिजे.

शहापूर : मग ‘गुलाब्या’ करा! टकल्या, काळ्या, ढेऱ्या यांच्याच पंगतीतला. भांडणात शिवी, कट्ट्यावर दोस्ती. आवाज कसा लावताय त्यावर आहे. आणि रंगही सुटत नाही.

बैलहोंगल : कातडी गेली पण.

निपाणी : जाऊ दे. काळ्या म्हणताना तरी आपण कातडी कुठं म्हणतो?

टिळकवाडी : बसतंय. पण जहाजावर सगळी तुकडीच समोर असली तर?

खानापूर : टकल्याचे टकले, तसे गुलाब्याचे गुलाबे. हाक मारायची तर ‘ए गुलाब्यांनो!’