भिंतच खेळते हो!

"एक बॉलपार्क (बेसबॉलचं मैदान) पाहिलं की सगळी पाहिली" असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ सालचं. डावीकडे ३७ फुटी हिरवी भिंत, आणि तिच्या पोटात बसून माणसं अजून हातानं धावफलकाच्या पाट्या बदलतात. शिकागोच्या रिग्ली फील्डची भिंत वेलींनी झाकलेली. चेंडू त्यात अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करून उभा, आणि फलंदाजाला दोनच बेस, म्हणजे धावेच्या चारपैकी दोनच टप्पे! माझ्यासमोर हे झालं तेव्हा मी चक्रावलोच. शेजारच्या आजोबांनी स्कोअरकार्डावर पेन्सिल टेकवत नियम समजावला. तिथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने उन्हात. जमलं तर दुपारचंच तिकीट काढा. टोपी विसरू नका, मी विसरलो होतो.